नॉब बदलण्याआधी शाफ्ट मोजावा

माझ्या बेस गिटारवरचे काळे प्लॅस्टिकचे नॉब बरीच वर्षे मला खटकत होते. त्यांच्या रूपाबद्दल तक्रार नव्हती. परंतु वाजवताना बोटे घामेजली की ते निसटत आणि टोन किंचित उतरवायचा असला तरी दोनदोनदा हात न्यावा लागे. म्हणून कडेला बारीक खाचा असलेले, गोल माथ्याचे धातूचे तीन नॉब मी मागवले. ते शाफ्टवर गेले खरे, पण डुगडुगू लागले, आणि बाजूचा स्क्रू आवळताच एका अंगाला कलले.

चूक माझीच होती. नॉब ज्यावर बसतो तो पॉटचा (नॉब फिरवला की विजेचा रोध कमी-जास्त करणाऱ्या भागाचा) शाफ्ट, म्हणजे दांडा, मुख्यतः दोन प्रकारचा असतो, हे मला ठाऊक होते; आपल्या गिटारवर त्यांपैकी कोणता आहे, हे पाहण्याचा मात्र मी आळस केला. एक शाफ्ट भरीव व गुळगुळीत, पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्यावरचा नॉब बाजूच्या छोट्या स्क्रूने पकडला जातो. दुसरा साधारण 6 मिलिमीटरचा, दातेरी आणि मधोमध चिरलेला असतो, व त्यावर नॉब नुसता दाबून बसवतात. त्यातही दात्यांची संख्या कुठे 18, तर कुठे 24 असते, त्यामुळे दाबून बसणारा प्रत्येक नॉब अशा प्रत्येक शाफ्टवर बसेलच असे नाही. माझे नवे नॉब भरीव शाफ्टचे होते आणि गिटारवरचे शाफ्ट दातेरी होते. अशा वेळी स्क्रू जोराने आवळला, तर चिरलेल्या शाफ्टच्या दोन पाकळ्या एकमेकींकडे दबतात आणि एखादी मोडूही शकते. यावर उपाय म्हणजे शाफ्टवर चढवायची पितळेची बारीक नळी. ती शाफ्ट आणि नॉब यांच्यामधली पोकळी भरून काढते आणि नॉब सरळ उभा राहतो. अशा तीन नळ्या मिळेपर्यंत मी जुने नॉब पुन्हा लावून ठेवले.

जुना नॉब काढण्यापूर्वी त्याच्या कडेला स्क्रू आहे का, हे बारकाईने पाहावे, कारण स्क्रूने धरलेला नॉब ओढल्यास पॉटच खिळखिळा होतो. स्क्रू नसेल, तर नॉबच्या खाली सुती कापडाची पट्टी सरकवून तिची दोन्ही टोके एकत्र धरावीत आणि सरळ वर ओढावे. माझे दोन नॉब असे सहज निघाले. तिसऱ्यासाठी खाली जाड कागद ठेवून समोरासमोर दोन चमच्यांच्या दांड्या लावाव्या लागल्या. एकाच बाजूने स्क्रूड्रायव्हर घालून उचकटले असते, तर शाफ्ट वाकला असता आणि नॉबखालच्या प्लेटवर कायमचा ओरखडा राहिला असता.

नॉब निघाला की खालचा नट दिसतो. तो सैल असेल, तर नॉबबरोबर आख्खा पॉट फिरत राहतो आणि आतल्या डाग दिलेल्या तारा पिळून तुटतात. म्हणून योग्य मापाच्या पान्याने तो तेवढा आवळून घ्यावा. पक्कड वापरू नये.

नवा नॉब बसवताना पॉट आधी शून्यापर्यंत फिरवून घ्यावा, मगच नॉबवरच्या खुणेची दिशा ठरवावी. भरीव शाफ्टवर ती हव्या त्या कोनात ठेवता येते. 24 दात्यांच्या शाफ्टवर मात्र ती एका वेळी 15 अंशांनीच सरकते. नॉब आणि प्लेट यांच्यामध्ये जाड कागदाएवढी फट ठेवावी, अन्यथा धातूची कड प्लेटवर घासत राहते.

धातूच्या नॉबने आवाज भरदार होतो, असे सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. आवाजावर परिणाम होतो तो पॉटच्या रोधाचा: तारांची कंपने टिपणारा पिकअप एका वेटोळ्याचा (सिंगल कॉइल) असेल, तर बहुधा 250 किलोओहम, दोन वेटोळ्यांचा (हंबकर) असेल, तर 500 किलोओहम. नॉब बदलल्याने त्यात काहीही फरक पडत नाही.

माझ्या गिटारची मांडणी दोन व्हॉल्यूम व एक टोन अशी, फेंडर कंपनीच्या जॅझ बेस या गिटारसारखी आहे. (1960 साली तो बेस आला, तेव्हा त्यावर एकावर एक रचलेले दुहेरी नॉब होते, तसे असते, तर या नळ्यांचा काहीच उपयोग झाला नसता.) तिन्ही नॉब धातूचे झाल्यावर पकड उत्तम आली, पण न पाहता कोणता कुठला हे हाताला कळेना. शेवटी मधल्या नॉबची नळी काढून तिथे जुना काळा नॉब पुन्हा दाबून बसवला.