खिशात मावणारा लांब झोत: रात्रीच्या चालण्यासाठी टॉर्चनिवडीची नोंदवही

सद्यस्थिती आधी. पाच उमेदवारांपैकी तीन बाद झाले, दोन उरले. अट तीच आहे: एका 18650 किंवा 21700 सेलवर (ही सेलच्या मापांची नावं) चालणारा, पँटच्या खिशात मावणारा आणि 150 मीटरवर उभा आहे तो माणूस की झुडूप हे ओळखू येईल इतका उजेड टाकणारा टॉर्च. बोलताना आपण टॉर्चलाच बॅटरी म्हणतो. घोळ नको म्हणून इथे दिव्याला टॉर्च आणि आत घालायच्या वस्तूला सेल म्हटलं आहे. उमेदवारांना क, ख, ग, घ, च अशी नावं आहेत.

नोंद 1: खोक्यावरचा आकडा

खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा ल्युमेनचा असतो, आणि लांबच्या झोतासाठी त्याचाच उपयोग सगळ्यात कमी. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो एका दिशेला किती एकवटलाय हे कँडेला सांगतात. म्हणून बारीक अक्षरात कुठेतरी दडलेला कँडेलाचा आकडा आधी शोधायचा.

एएनएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या एफएल 1 या टॉर्चच्या मानकात झोताचा पल्ला म्हणजे उजेड 0.25 लक्सवर येतो ते अंतर. लक्स म्हणजे समोरच्या पृष्ठभागावर किती उजेड पडतो त्याचं माप. 0.25 लक्स म्हणजे निरभ्र रात्री मोकळ्या माळावर पडलेलं पौर्णिमेचं चांदणं. हिशेब तोंडी होतो: कँडेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं. 10,000 कँडेला असतील तर 200 मीटर, 40,000 असतील तर 400, आणि 90,000 असतील तर 600.

गंमत अशी की चांदण्यात पायाशी पडलेला दगड दिसतो, पण 400 मीटरवरचा माणूस नाही दिसत. त्यामुळे छापील पल्ला हा ‘उजेड पोहोचतो’ एवढंच सांगतो, ‘दिसतं’ असं नाही. अर्ध्या अंतरावर उजेड चौपट, म्हणजे 1 लक्स होतो. एक तृतीयांश अंतरावर नऊपट, म्हणजे 2.25 लक्स. ओळख पटायला इथे एक तृतीयांशाचा नियम धरला आहे. 150 मीटरसाठी छापील पल्ला 450 मीटर हवा, म्हणजे साधारण 50,000 कँडेला. ही खालची रेघ. तिच्या खालचा उमेदवार बाकी कितीही देखणा असला तरी बाद.

नोंद 2: डोकं लहान आणि पल्ला लांब, हे जमतं कसं

कँडेला दोन गोष्टींवर ठरतात: एलईडीच्या दर चौरस मिलिमीटरमागची चमक आणि समोरून दिसणारं रिफ्लेक्टरचं, म्हणजे एलईडीभोवतीच्या चकचकीत वाटीचं, क्षेत्रफळ. एकूण ल्युमेन या हिशेबात थेट येतच नाहीत. डोक्याचा व्यास 20 मिमीवरून 40 केला, तर क्षेत्रफळ चौपट, कँडेला चौपट आणि पल्ला दुप्पट. खिशाच्या मापामुळे व्यास 35 ते 40 मिमीच्या पुढे नेता येत नाही. त्यापुढे टॉर्च खिशात आडवा होतो. मग उरतो एलईडी.

इथे छोटा एलईडी मोठ्याला हरवतो. ऑसरामचा सुमारे 1 चौरस मिमीचा, घुमट नसलेला चपटा एलईडी, ज्याला हौशी मंडळी डब्ल्यू 1 म्हणतात, कमी ल्युमेन देऊनही चमकीत पुढे असतो. ल्युमिनसचा एसएफटी-40 त्याच्या साधारण चौपट क्षेत्रफळाचा आहे. ल्युमेन भरपूर देतो, पण उष्णताही तितकीच. एलईडीवरचा सिलिकॉनचा घुमट आतला चौकोन मोठा करून दाखवतो, त्यामुळे झोत पसरतो. घुमट नसला की थोडे ल्युमेन जातात, पण पल्ला वाढतो.

लहान एलईडीची किंमतही मोजावी लागते. मधला ठिपका अरुंद होतो. 4 अंशांचा झोत 100 मीटरवर 7 मीटर रुंद पडतो, हे छान. पण तोच 5 मीटरवर जेमतेम 35 सेंमी. 8 अंशांचा झोत तिथे 70 सेंमी उजळतो. चालताना हा फरक पावलोपावली जाणवतो.

नोंद 3: बाद झालेले तीन

क: 24 मिमी डोकं, तीन एलईडी, वर तिळ्या लेन्स. ल्युमेनचा आकडा पाचांत सगळ्यात मोठा, कँडेला फक्त 12,000. पल्ला 219 मीटर, ओळखीचं अंतर 73. अंगणासाठी उत्तम, इथे नाही.

ख: पुढे-मागे सरकणाऱ्या लेन्सचा झूम टॉर्च. झोत एकवटला की भिंतीवर एलईडीचा चौकोन जसाच्या तसा उमटतो आणि भोवती काळोख. शिवाय एकवटताना लेन्स एलईडीपासून दूर जाते आणि बराच उजेड डोक्याच्या आतल्या भिंतीवर वाया जातो. तिसरं कारण यांत्रिक आहे: सरकणारं डोकं पिचकारीसारखं काम करतं. दर वेळी बाहेरची दमट हवा आणि धूळ आत ओढली जाते, आणि काच आतून धुरकट होते.

ग: लेसरवर चालणारा, ज्याला एलईपी म्हणतात. निळा लेसर फॉस्फरवर (उजेडाचा रंग बदलणाऱ्या पदार्थावर) पाडून त्यातून पांढरा उजेड काढलेला असतो. पल्ल्यात बाकी चौघे याच्या जवळपासही येत नाहीत. पण झोत दीड अंशाचा, 100 मीटरवर अवघा 2.6 मीटर, आणि बाजूला उजेड नाहीच. हातात काठी धरून टोकाने चाचपत चालल्यासारखं होतं. दूरचं काही शोधायला दुसरा टॉर्च म्हणून चालेल. चालायला एकटा पुरत नाही.

नोंद 4: मोजणी

उरलेले दोन: घ (35 मिमी डोकं, 18650, 1 चौरस मिमीचा एलईडी) आणि च (40 मिमी डोकं, 21700, एसएफटी-40).

पद्धत साधी, पण पाळायला हवी. सेल 4.2 व्होल्टपर्यंत भरलेला. अंधारी लांब जागा. टॉर्चच्या काचेपासून लक्समीटरच्या गोलापर्यंत टेपने मोजलेले 5 मीटर. टॉर्च लावल्यावर 30 सेकंद थांबायचं, मीटर हळूहळू सरकवत सगळ्यात मोठा आकडा शोधायचा. लक्स गुणिले अंतराचा वर्ग, म्हणजे 25, झाले कँडेला. पांढऱ्या भिंतींवरून परतलेला उजेड आकडा फुगवतो, म्हणून बाजूला गडद कापड.

1 मीटरवर मोजू नये. लांब पल्ल्याचा झोत तिथे अजून घडलेला नसतो, वर्गाचा नियम लागू पडत नाही आणि आकडा कमी येतो. शंका आली तर 10 मीटरवर पुन्हा मोजायचं. दोन्ही उत्तरं जुळली तर 5 मीटर पुरेसे आहेत. मोबाइलचा उजेड मोजणारा सेन्सर काचेमागे दडलेला असतो आणि जरा कोन बदलला की वेगळं सांगतो. दोन टॉर्चची तुलना करायला ठीक, खरा आकडा काढायला नाही.

पहिल्या 30 सेकंदांना: घ 2,880 लक्स, म्हणजे 72,000 कँडेला आणि 537 मीटर. च 3,600 लक्स, म्हणजे 90,000 कँडेला आणि 600 मीटर. इथेच थांबलो असतो तर च जिंकला होता. तसाही 25 टक्के जास्त कँडेलाने पल्ला 12 टक्केच वाढतो, डोळ्याला तो फरक कळत नाही.

दहा मिनिटांनी, टेबलावर उभा ठेवून, पंखा बंद: घ 2,500 लक्स, म्हणजे 62,500 कँडेला, 500 मीटर. च 1,300 लक्स, म्हणजे 32,500 कँडेला, 361 मीटर. ओळखीचं अंतर घचं 167 मीटर, चचं 120. क्रम उलटला.

कारण उष्णता. च सुरुवातीला जास्त वॉट खातो, इतक्या लहान धातूला ती उष्णता बाहेर टाकता येत नाही आणि आतलं सर्किट स्वतःच प्रवाह खाली आणतं. यात बिघाड काही नाही, एलईडी वाचवण्यासाठी ते तसंच असायला हवं. पण मानकातली मोजणी टॉर्च लावल्यावर 30 सेकंद ते 2 मिनिटांच्या आत होते, आणि चालणं त्यानंतर तासभर चालू राहतं. हातात धरल्यावर तळहात उष्णता शोषतो आणि वाराही लागतो, त्यामुळे चचा आकडा थोडा सुधारतो. घला मात्र अजून गाठत नाही.

नोंद 5: रस्त्यावर

टॉर्च कुठे धरला यावर निम्मं अवलंबून आहे. कमरेच्या उंचीवर धरला की उजेड जमिनीवर तिरपा पडतो, दगड-खड्ड्यांच्या सावल्या डोळ्यांना दिसतात आणि खोली कळते. कपाळावरच्या दिव्याने सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि वाट सपाट भासते. धुकं, धूळ, पाऊस असेल तरी कमरेचीच उंची बरी: डोळ्यांसमोरच्या कणांवरून परत येणारा उजेड कमी होतो. याच कारणाने धुक्यात 60,000 कँडेला हे 6,000 पेक्षा वाईट; समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे मधला मोड लावून झोत खाली वळवायचा.

फक्त एका कामासाठी टॉर्च गालाशी, डोळ्याच्या रेषेत आणायचा: जनावरांचे डोळे शोधायला. त्यांच्या डोळ्यांतला परावर्तक पडदा उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतो, त्यामुळे टॉर्च डोळ्यांपासून दूर असला की ती चमक निसटते.

मोडचं गणित असं जमलं. नेहमीचं चालणं 50 ते 100 ल्युमेनवर, लांबचं पाहायला कमाल उजेड पाच-दहा सेकंद, नकाशा किंवा कुलूप पाहायला 5 ल्युमेनच्या आत. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि पायाजवळच्या खडीवर कमाल झोत एकदा पडला की ती मेहनत पाण्यात. म्हणून टॉर्च नेहमी खालच्या मोडवर सुरू होणारा हवा. घ शेवटचा मोड लक्षात ठेवतो, ही त्याची खोड आहे. बंद करण्याआधी खाली आणायची सवय लावावी लागते.

समोरून कुणी येत असेल तर झोत जमिनीवर. वाहनचालकावर आणि आकाशातल्या विमानावर तर कधीच नाही.

नोंद 6: सेल आणि आटे

घमध्ये 3,500 मिलिअँपिअर-तासांचा सेल आहे. कमाल मोडला 3 अँपिअर, म्हणजे कागदावर 70 मिनिटं. 350 मिलिअँपिअरच्या मधल्या मोडला 10 तास. प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे कमीच धरावेत, थंडीत आणखी कमी.

सेल घेताना लांबी बघायची. सुरक्षा सर्किट असलेला 18650 हा 65 मिमीचा राहत नाही, काही मिलिमीटर वाढतो. आखूड नळीत स्प्रिंग दाबून बसते आणि झाकण पूर्ण फिरत नाही. उलट, सपाट टोकाचा सेल काही टॉर्चमध्ये लागतच नाही, कारण उलटा सेल घातला तर वाचावं म्हणून पुढच्या संपर्काभोवती प्लास्टिकची कडी असते. टॉर्च मेला असं वाटण्याचं हे अगदी नेहमीचं कारण.

दुसरं कारण मळलेले आटे. उजेड लुकलुकतोय किंवा कमाल मोड लागत नाहीये, तर आधी आटे आणि नळीची उघडी कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. पेट्रोलियम जेली नको. पाणी अडवणाऱ्या काही रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंग, तिने फुगतात.

खिशात टॉर्च आपोआप लागू नये म्हणून मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवायचं. हे आट्यांवर ॲनोडायझिंगचा, म्हणजे वीज अडवणारा, थर असेल तरच चालतं. उघड्या ॲल्युमिनियमच्या आट्यांतून वीज जातच राहते. घवर जमतं.

सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नये. सेलचं सगळं धातूचं अंग ऋण टोक असतं, वेष्टन फाटलं की वरच्या टोकाशी शॉर्ट व्हायला एक किल्ली पुरते. वेष्टन फाटलेला सेल नवं वेष्टन चढेपर्यंत बाजूला. 2.5 व्होल्टच्या खाली गेलेला पुन्हा भरू नये. महिनाभर वापर नसेल तर 3.7 व्होल्टच्या आसपास ठेवून द्यायचा.

नोंद 7: पुढचं काम

घच्या झोतात मधोमध फिकट काळा डाग दिसतो. 1 मीटरच्या आत तो असायचाच, पण इथे 5 मीटरवरही पुसट राहतो. म्हणजे एलईडी रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर बसलेला नाही. एलईडीभोवतीची प्लास्टिकची कडी बदलून रिफ्लेक्टर 0.2 मिमी खाली-वर करून पाहायचा आहे, आधी खाली. कडी काढून टाकणं हा उपाय नाही, रिफ्लेक्टर थेट सोल्डरच्या टोकांना टेकला तर शॉर्ट होतो. काचेला आतून बोट लागू द्यायचं नाही, आणि रिफ्लेक्टर पुसायचा तर अजिबात नाही, फुंकणीने धूळ उडवायची.

बदलानंतर 5 मीटरवर पुन्हा मोजणी. 2,880 च्या वर गेला तर दिशा बरोबर, खाली आला तर कडी 0.2 मिमीने जाड. ‘च’ला अजून एक संधी आहे: त्याचा दुसऱ्या क्रमांकाचा मोड दहा मिनिटं न ढळता 50,000 कँडेला देतो का, एवढंच तपासायचं राहिलं आहे.