४६ जॉब आणि एक क्लिप

गेल्या जुलैतली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय. जर्मनीत स्टुटगार्टला मास्टर्स करताना सहा महिने इंटर्नशिप केली, एका गिअरबॉक्सचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या मेजरिंग रूममध्ये. डिग्रीसाठी सक्तीची इंटर्नशिप असली की तिकडचा किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही, त्यामुळे पगार म्हणजे खोलीचं भाडं आणि महिन्याचा किराणा. सकाळी फाइहिंगनहून एस-बान (लोकल ट्रेन) पकडायची, सातला सीएमएमसमोर (पार्टला टोकाने स्पर्श करून बारीक मापं घेणारी मशीन).

आमच्या खोलीत वर्षभर २० डिग्री, कारण जगभर लांबी २० डिग्रीलाच मोजतात. बाहेर शॉपमध्ये मात्र एसी नाही आणि स्टुटगार्ट वाटीसारख्या खोलगट जागेत बसलंय, उन्हाळ्यात हवा हलत नाही. अ‍ॅल्युमिनियम एका मीटरला एका डिग्रीमागे साधारण २३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. आमच्या कव्हरच्या कॉलरचा ओडी (बाहेरचा व्यास) ११० मिलिमीटर, म्हणजे डिग्रीला अडीच मायक्रॉन, आणि अख्खा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ३५ मायक्रॉनचा, शून्य ते मायनस ३५. जॉब (म्हणजे बनवलेला पार्ट) आठ डिग्री जास्त गरम असेल तर २० मायक्रॉन नुसत्या उन्हाळ्याने खाल्ले. म्हणून मोजमापाच्या प्लॅनमध्ये स्पष्ट लिहिलेलं, जॉब चार तास खोलीत ठेवल्याशिवाय मोजायचा नाही.

त्या गुरुवारी सिनिअर टेक्निशियन साडेतीनला घरी गेले. त्यांच्याकडून मी जेवढं शिकले तेवढं कॉलेजात शिकले नाही, पण साडेतीन म्हणजे साडेतीन, मग मागे कोण एकटं आहे हे बघायचं नाही. पावणेचारला शॉपमधून जॉब आला. चाळीस मिनिटांत शिफ्ट लीडरचा फोन, रिझल्ट कुठेय, मशीन उभी आहे. तो असं बोलला की जणू मशीन मीच बंद पाडलीय, आणि त्याचं ते श्वाबिश (तिथल्या बोलीतलं) जर्मन फोनवर मला निम्मंच कळायचं.

सीएमएमला जॉबचं टेंपरेचर घेणारा सेन्सर असतो, त्यावरून सॉफ्टवेअर आपोआप करेक्शन करतं. पण त्याच्या बुडाला मॅग्नेट, लोखंडाला चिकटतो, अ‍ॅल्युमिनियमला कसा चिकटणार? त्यासाठी क्लिप होती, ती कधीच हरवलेली. सगळेजण सेन्सर शेजारी मशीनच्या ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवायचे. मीही ठेवला. ग्रॅनाइट २०.१ डिग्री, म्हणजे मशीनच्या मते जॉबही २०.१. मशीनच्या टोकाचा रूबीचा बॉल कॉलरभोवती फिरला आणि रिझल्ट आला, प्लस ९. आउट. मी प्रिंट काढून दिली, खाली माझं नाव.

शॉपमधल्या मशीनवरच्या काकांनी (तुर्की आहेत, वीस वर्षं तीच मशीन चालवतात, मी मनात काकाच म्हणायचे) प्रिंट बघून ऑफसेटमध्ये (कापण्याच्या मापाच्या सेटिंगमध्ये) २७ मायक्रॉन कमी केले, साइज मधोमध आणायला. त्यांचं काहीच चुकलं नाही. रात्रीच्या शिफ्टमध्ये ४६ जॉब निघाले, मधले चेकही तसेच गरम मोजलेले, म्हणून ओके. सकाळी टेक्निशियननी रात्रभर खोलीत राहिलेला एक जॉब लावला. मायनस ३८. माझा आदल्या दिवशीचा परत लावला, तो मायनस ११, एकदम चांगला. बोअर (आतलं भोक) लहान झाला असता तर परत कापता आला असता, ओडी एकदा खाली गेला की गेला. ४६ च्या ४६ स्क्रॅप.

एट-डी रिपोर्टमध्ये (चूक का झाली ते शोधून लिहायचा रिपोर्ट) मूळ कारण काय लिहिलं तर ऑपरेटरने दुसऱ्यांदा न मोजता करेक्शन केलं. मला अजून राग येतो. त्या माणसाने मेजरिंग रूमच्या कागदावर विश्वास ठेवला, मग ती खोली आहे कशासाठी? मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मीटिंगमध्ये सांगितलं की चार तास झाले नव्हते, प्रिंट माझी होती. शिफ्ट लीडर म्हणाला, तू प्राक्टिकांटिन (इंटर्न) आहेस, तुझा प्रश्न नाही. नवीन क्लिप ऑर्डर झाली, रिपोर्टमधलं वाक्य तसंच राहिलं.

भोसरीला बाबांचं छोटं वर्कशॉप आहे. मायक्रोमीटर हातात जास्त वेळ धरला की बाबा ओरडायचे, हाताची उष्णता जाते त्यात. दहावीत असल्यापासून मला हे माहीत आहे.

नंतरच्या आठवड्यात कॉफी मशीनपाशी काका भेटले. रागावलेले नव्हते. सावकाश, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून त्यांनी विचारलं, "जॉब उचललास तेव्हा हाताला गार लागला होता?"

वीस डिग्रीचं अ‍ॅल्युमिनियम हाताला गार लागतं, लगेच कळतं. तो जॉब गरम नव्हता, पण गारही नव्हता, आणि उचलताना एक क्षण मी थांबलेही होते.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, कप उचलला आणि शिफ्टला गेले.