तेव्हा विकली का नाहीत?

फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात बोलायला गेलो की मुलं शेवटी हाच प्रश्न विचारतात. "सर, दोन हजार साली तुम्हाला मुंबईहून ऑफर आली होती म्हणे. तेव्हा कंपनी विकली का नाहीत?" लग्नात, उत्सवात, बँकेच्या रांगेतसुद्धा हेच. दोन वाक्यांत सांगून मी आजवर मोकळा होत आलो. तुम्ही इतक्या आस्थेनं विचारलंत म्हणून या वेळी सगळंच सांगतो.

विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, ते मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत. आमच्या गोव्यातल्या फोंड्याहून तिथवर पोचायचं म्हणजे मुंबईला एसटीडी, म्हणजे बाहेरगावचा फोन लावायचा. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून आमचा दिवस अकराला सुरू व्हायचा. वरच्या बाजारात बाबांच्या दुकानामागे एक खोली होती, तिथे कॉम्प्युटर आणि मोडेम. हॉटेलवाल्यांचे निरोप दिवसभर टाइप करून ठेवायचे, रात्री एकाच फोनमध्ये सगळे पाठवायचे, आलेले उतरवून घ्यायचे आणि सकाळी छापून स्कूटरवरून कळंगुटपर्यंत पोचवायचे. लंडनच्या पाहुण्याचं बुकिंग माझ्या डिकीतून जायचं! पुढे दूरसंचार खात्याचा नोड, म्हणजे इंटरनेटला जोडून देणारं केंद्र, गोव्यातच आला. ईमेलचा पत्ता फोनवर सांगताना 'गोवा वन डॉट डॉट डॉट नेट डॉट इन' असा सांगावा लागे, कारण मधला डॉट हे खात्याच्या इंग्रजी नावाचं लघुरूप होतं. मे महिन्यात ढग गडगडू लागले की हातातलं काम टाकून आधी टेलिफोनची तार उपसायची, हेही तेव्हाच शिकलो. विजेनं तीन मोडेम जाळले होते.

हॉटेलांच्या वेबसाइटी करून पैसे मिळत होते. त्यातून मी मराठी पानं करायला घेतली. आमच्याकडच्या देवळांचे महाजन-कुळावी, म्हणजे त्या देवाला पिढ्यान्‌पिढ्या मानणारी घराणी, मुंबईत, कारवारात, कुठे कुठे पसरलेले. पालखी कधी, कार्तिकातला उत्सव कधी, रात्रीचं नाटक कुठलं, हे त्यांना पत्रानं किंवा कुणाच्या तोंडून कळायचं. एका देवस्थान समितीनं विचारलं, आम्ही ते इंटरनेटवर टाकलं. मग दुसरी समिती आली, मग नाट्यमंडळं आली. पैसे जवळजवळ नव्हतेच, त्रास मात्र फार. तेव्हाचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली अक्षरं बसवलेले, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. वाचणाऱ्याकडे तोच फाँट नसला तर आरतीच्या जागी नुसता कचरा दिसायचा. फाँट कसा उतरवून घ्यायचा हे मी रात्री-अपरात्री फोनवरून दादरच्या आजोबांना समजावलं आहे. उतरला की पलीकडून ते मोठ्यानं वाचायला लागायचे. तो आवाज मी विसरलेलो नाही.

नोव्हेंबर १९९९ मध्ये राजेश जैन यांची इंडियावर्ल्ड ही इंटरनेट कंपनी सत्यम इन्फोवेनं ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. खोज, समाचार, खेल, बावर्ची अशी त्यांची पोर्टलं होती. वर्तमानपत्रात तो आकडा आला आणि गावातला माणूस न् माणूस मला विचारू लागला, "तुझें केन्ना?" म्हणजे तुझी कंपनी कधी विकणार? दोन-तीन महिन्यांत खरंच मुंबईच्या एका कंपनीचा तरुण कागद घेऊन आला. कोटींची भाषा नव्हती, पण बाबांच्या दुकानाच्या वीस वर्षांच्या कमाईएवढी रक्कम त्यात होती. त्यानं आधी 'हिट्स' विचारले, म्हणजे आमच्या साइटवरून किती वेळा काही मागवलं गेलं तो आकडा. मी त्याची नोंद ठेवणारा लॉग त्याला दाखवला आणि सांगितलं, एका पानावर अकरा चित्रं असली की एक माणूस आला तरी बारा हिट पडतात, तेव्हा हा आकडा माणसांचा समजू नका. तो म्हणाला, आकडा तेवढा द्या, बाकीचं आम्ही बघतो. नंतर अट सांगितली. हॉटेलं ठेवायची, मराठी पानं बंद करायची, त्यांचा खर्च निघत नाही.

मी एक रात्र विचार केला आणि नाही म्हटलं.

इंटरनेट कंपन्यांचा बाजार कोसळणार हे मला आधीच कळलं होतं, असा लोकांचा समज आहे. ते खरं नाही. १० मार्च २००० रोजी अमेरिकेच्या शेअर बाजाराचा नॅसडॅक निर्देशांक शिखरावर पोचून घसरायला लागला, तेव्हा मला नॅसडॅक हा शब्दही धड ठाऊक नव्हता. दादरच्या आजोबांना फोन करून 'उद्यापासून पान दिसणार नाही' हे मला सांगता आलं नसतं, एवढंच कारण. त्याची किंमत पडली. पुढची दोन वर्षं पगार उशिरा झाले, आणि मी स्वतः शिकवलेली दोन हुशार मुलं बेंगळुरूला गेली. त्यांचा मला राग नाही. पण चुकलो का, असं त्या काळात रोज वाटायचं.

धंदा सावरला तो हॉटेलांच्या ईमेलवर. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारताचं इंटरनेट रखडलं. ऐन सीझन. सकाळपासून फोन, "कितें जालें? मेल येयनात!" कळंगुटच्या हॉटेलाची मेल इजिप्तच्या समुद्रात का अडकते, हे मी नकाशा घेऊन चार ठिकाणी समजावलं. आम्ही जुन्यासारखे कामाला लागलो. जिथून लाइन मिळेल तिथून रात्रभर मेल उतरवल्या, छापल्या, आणि पोरांनी स्कूटरवरून वाटल्या. त्यातलं एकही हॉटेल आजवर आम्हाला सोडून गेलेलं नाही.

मराठी पानांचं काय झालं तेही सांगतो. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक, आल्यावर जुनी सगळी पानं बदलून घ्यायची ठरवली. 'कार्तिक' हा शब्द घ्या. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी 'त'च्या आधी टाइप केलेली, रफार 'त'च्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट: आधी र, मग त, मग वेलांटी. जोडाक्षर आलं की वेलांटीला ते अख्खं ओलांडून जावं लागतं. नऊ फाँटांसाठी जुना मजकूर असा बदलून देणारे प्रोग्रॅम, म्हणजे परिवर्तक, लिहायला आम्हाला चार वर्षं लागली, दिवसाचं काम संपल्यावर.

परवा माशेलहून एक बाई आल्या. वडिलांनी उत्सवातल्या नाटकांसाठी लिहिलेल्या नांद्या आणि पदं एका सीडीवर होती, १९९८ ची. तीन ठिकाणी दाखवली, सगळीकडे कचराच उघडला. आमच्याकडच्या सातव्या परिवर्तकाला तो फाँट ओळखू आला. 'ज्ञ' तेवढा अजून चुकतो, तो मी त्यांच्याशेजारी बसून हातानं दुरुस्त करत गेलो. एकशे बारा पानं होती. दुपारी जेवायला उठलो नाही. त्या पदं वाचत होत्या, मध्येच एखादं चालीवर म्हणत होत्या.