आमची वाटचाल : मदरबोर्डच्या मापाने घडलेला व्यवसाय

सांगलीत आम्ही संगणकांची जुळणी आणि दुरुस्ती करू लागलो तेव्हा १९९०चे दशक सरत आले होते. इंटेलने १९९५ मध्येच एटीएक्स हा मदरबोर्डचा, म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यावर जोडले जातात त्या मुख्य बोर्डाचा, आराखडा आणलेला असला, तरी आमच्या टेबलावर येणारी बहुतेक यंत्रे त्याआधीच्या बेबी एटी बोर्डाची असत. त्या बोर्डाला वीज देणारे पी-८ आणि पी-९ हे दोन कनेक्टर शेजारीशेजारी बसत. दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, हा दुकानातील पहिला धडा होता, कारण अदलाबदल झाल्यास बोर्ड जळण्याची भीती असे. चालू-बंदचे बटण तर थेट २३० व्होल्टचा पुरवठा तोडत असे. एटीएक्समध्ये तेच बटण बोर्डाला केवळ इशारा देते आणि बोर्ड एसएमपीएसला, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या डब्याला, चालू करतो. त्यामुळे यंत्र बंद दिसले तरी बोर्डावर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा असतोच, आणि म्हणून प्लग काढल्याशिवाय कॅबिनेटमध्ये हात घालायचा नाही, हा आमचा नियम तेव्हापासूनचा आहे.

व्यवसायाने खरा जम धरला तो मार्केट यार्डातील अडत दुकानांमुळे. हिशेब, पावत्या आणि प्रिंटर एवढीच गरज असलेल्या या ग्राहकांच्या गळ्यात ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, सात स्लॉटचा (जादा कार्डे बसवण्याच्या खाचांचा) पूर्ण एटीएक्स बोर्ड मारणे आम्हांला प्रशस्त वाटले नाही. डिस्प्ले, ध्वनी आणि पुढे लॅनही (नेटवर्कची जोडणी) बोर्डावरच येऊ लागल्याने मायक्रो एटीएक्स या लहान बोर्डाचे चार स्लॉटसुद्धा बहुधा रिकामेच राहत. म्हणून २४४ मिलिमीटरचा हा चौरस बोर्ड आम्ही कायम साठ्यात ठेवू लागलो. कॅबिनेट मात्र मोठेच देत राहिलो, कारण हळदीची धूळ हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांत पिवळ्या थराने बसते आणि ती ब्रशने काढण्यासाठी आत जागा लागते. लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो, मोठा लहानात बसत नाही. फक्त कॅबिनेटमधील ज्या पितळी स्टडवर (बोर्ड टेकवण्याच्या खुंटीवर) बोर्डाचे भोक येत नाही, तो आधी काढावा लागतो. राहिला तर तो बोर्डामागील सोल्डरला टेकून शॉर्ट करतो आणि कोरे करकरीत यंत्र सुरूच होत नाही.

वजनकाट्यांच्या कामाने आम्हांला बोर्ड निवडण्याचे वेगळे शिक्षण दिले. काट्याचा इंडिकेटर वजनाचा आकडा सिरियल पोर्ट या जुन्या जोडणीतून संगणकाला पाठवतो आणि नव्या बोर्डांच्या मागील पट्टीवरून ते पोर्ट हळूहळू नाहीसे झाले. तरीही अनेक बोर्डांवर कडेला ‘कॉम’ लिहिलेली, दोन ओळींची पिनांची जागा असते. तिला केबल जोडून पोर्ट मागे काढता येते. कोणता बोर्ड स्वस्त, यापेक्षा कोणत्या बोर्डावर ही जागा आहे, हे आम्ही पुरवठादाराला आधी विचारतो.

व्हिया या कंपनीने २००१ मध्ये आणलेला १७० मिलिमीटरचा मिनी आयटीएक्स बोर्ड आम्ही बिलिंग काउंटरसाठी देतो. एकच स्लॉट आणि कमी उंचीचा कूलर, यापलीकडे तिथे फारशी निवड नसते. सांगलीच्या मे महिन्यात अशा बंदिस्त खोक्यात जोरकस प्रोसेसर बसवण्याचा आग्रह ग्राहकाने धरला, तर आम्ही नम्रपणे नकार देतो. एटीएक्सची जागा घेण्यासाठी आणलेला इंटेलचा बीटीएक्स आराखडा आमच्या बाजारात रुजण्याआधीच मागे पडला.

माप जुळले म्हणजे बोर्ड जुळला, असे मात्र नाही. एलजीए ११५१ या एकाच नावाच्या सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या खोबणीत) इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर बसतात खरे, पण आधीच्या शंभर आणि दोनशे मालिकेतील चिपसेटच्या (बोर्डावरील नियंत्रक चिपच्या) बोर्डांवर त्यांना कंपनीचा पाठिंबा नाही. याउलट एएमडीचा एएम४ सॉकेट त्यांच्या रायझन प्रोसेसरच्या अनेक पिढ्यांना पुरला, त्यामुळे पुढे प्रोसेसर बदलू इच्छिणाऱ्यांना आम्ही तो सुचवत आलो.

आज आमची सर्वाधिक डोकेदुखी आहे ती तयार ब्रँडेड यंत्रांची. त्यांतील काहींचे बोर्ड कोणत्याच प्रमाणित मापाचे नसतात आणि वीजजोडणीही नेहमीच्या चोवीस पिनांची नसते. म्हणून बोर्ड गेला की एसएमपीएस आणि कॅबिनेटही बाद होते. आमच्या जुळणीच्या यंत्राच्या बिलावर आम्ही बोर्डाचे माप, सॉकेट आणि रॅमचा प्रकार आवर्जून छापतो, जेणेकरून पुढची दुरुस्ती दुसऱ्या कोणाकडे झाली तरी त्याला स्क्रूड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी सुटा भाग मागवता यावा.