कोजागरीची गच्ची आणि एक अपहरण

आमच्या वाचक मंडळाचा वार्षिक मेळावा कोजागरीला भरत असे. एरंडवण्यातील एका सदस्याच्या इमारतीची गच्ची, पातेलेभर मसाला दूध, ओली भेळ आणि अक्षय्य तृतीयेला निवडलेले एकच पुस्तक, एवढीच त्याची सामग्री. अध्यक्ष, हारतुरे आणि आभारप्रदर्शन यांना मंडळाच्या घटनेनेच मज्जाव केला होता. ही घटना म्हणजे माईंच्या हस्ताक्षरातील, कडेला दुधाचे डाग पडलेला एक फुलस्केप कागद. पुस्तक न वाचता मत देणाऱ्याने दुसऱ्या दिवशी पातेले घासावे, असे तिचे तिसरे कलम होते, आणि मी ते दोनदा घासले आहे.

या सगळ्या मेळाव्यांत माझ्या मनात सर्वांत ठळक राहिला आहे तो २००० सालचा. त्या वर्षी फ्रेडरिक फोर्सिथ यांची १९८९ साली प्रसिद्ध झालेली ‘द निगोशिएटर’ ही कादंबरी निवडली होती. ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या अमेरिकन अध्यक्षांच्या मुलाला, तो सकाळी धावायला गेला असताना पळवून नेले जाते आणि त्याच्या सुटकेसाठी क्विन नावाच्या अनुभवी मध्यस्थाला बोलावले जाते, हे तिचे कथासूत्र. तीन प्रती एकोणीस जणांत फिरल्या. ज्यांना इंग्रजी जड जाई त्यांच्यासाठी आप्पा दर गुरुवारी दोन-दोन प्रकरणे मराठीतून सांगत, आणि ती इतकी रंगवून सांगत की मूळ पुस्तक वाचणाऱ्यांनाच पुढे आपण काहीतरी गाळले अशी शंका येऊ लागली.

खरे तर आमच्या मंडळाला थरारकथांचे वावडे होते. पण आदल्या डिसेंबरमध्ये काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला नेले गेले होते आणि प्रवाशांच्या बदल्यात तीन दहशतवाद्यांना सोडावे लागले होते. शिवाय कोजागरीच्या त्या रात्री कन्नड अभिनेते राजकुमार चंदनतस्कर वीरप्पनच्या ताब्यात, जंगलात होते. त्यामुळे कादंबरीवरचे मत सांगताना प्रत्येक जण नकळत वर्तमानपत्रावरचेच मत सांगत होता.

पहिल्या भागावर मात्र एकमत होते. अपहरणकर्त्यांचा म्होरक्या झॅक दूरध्वनीवर बोलतो आणि क्विन त्याच्याशी घासाघीस करतो, ती पाने सर्वांनी दोनदा वाचली होती. रक्कम लगेच मान्य केली तर समोरच्याला आपण कमी मागितले असे वाटते आणि आकडा चढतो, म्हणून हळूहळू, कुरकुरत वर जायचे. आणि मुलगा जिवंत आहे याची खात्री करण्यासाठी ज्याचे उत्तर केवळ त्यालाच ठाऊक असेल असा प्रश्न विचारायचा, हे त्यातले तंत्र. अखेर सौदा वीस लाख डॉलरच्या हिऱ्यांवर ठरतो. “यात शिकण्यासारखे काय आहे? तुळशीबागेत आम्ही हेच करतो,” असे माई म्हणाल्या आणि पुढची पाच मिनिटे कोणाचेच बोलणे ऐकू आले नाही.

नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. जुन्या स्ट्राउजर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये आलेल्या फोनचा माग काढायचा म्हणजे तो चालू असतानाच माणसाने एका रॅकपासून दुसऱ्या रॅकपर्यंत जाऊन एकेक स्विच पाहात मागे जावे लागे, आणि समोरच्याने फोन ठेवला की धागा तुटे, हे त्यांनी भेळेच्या कागदावर आकृती काढून दाखवले. गुन्हेगार फोनवर घाईत का असतात हे मला त्या रात्री कळले.

वाद पेटला तो उत्तरार्धावरून. सुटका झाल्यासारखी वाटते त्याच क्षणी मुलाच्या कमरेच्या पट्ट्यात दडवलेल्या स्फोटकाने तो मारला जातो, आणि मग क्विन आरोपींच्या मागावर युरोपभर फिरतो. आप्पांच्या मते कादंबरी तिथेच संपली होती. पुढे क्विन पोहोचण्याच्या जरा आधी ज्याला त्याला कोणीतरी ठार करून गेलेले असते, याला त्यांनी “लेखकाची सोय” म्हटले. तेलसाठे आणि शस्त्रकपातीचा करार यांभोवतीचे कारस्थान काहींना अफाट वाटले, काहींना अतिरंजित. गोर्बाचेव्ह यांना पात्र म्हणून आणणारी ही कादंबरी सोव्हिएत संघ १९९१ साली विसर्जित झाल्यावर शिळी झाली, असा एक आक्षेप आला. मला तो पटला नाही, कारण शिळेपण राजकारणाला आले होते, फोनच्या घंटेला नाही. सॅम ही एफबीआयची अधिकारी केवळ प्रेमप्रकरणापुरती उरते, ही माईंची तक्रार मात्र कोणालाही खोडता आली नाही.

इतका वेळ गप्प असलेल्या, नवी पेठेतून चालत येणाऱ्या मावशींनी तेव्हा विचारले, “तुम्ही सगळे म्हात्रे पुलावरून येता-जाता. ते म्हात्रे कोण, ठाऊक आहे ना?” आमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नव्हते. रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅममधील भारतीय राजनैतिक अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी, लेकीच्या वाढदिवसाचा केक घेऊन घरी परतत असताना, त्यांना पळवून नेण्यात आले. तिहार तुरुंगात असलेला काश्मिरी फुटीरतावादी मकबूल भट याची सुटका आणि दहा लाख पौंड अशी मागणी होती. दोन दिवसांनी लेस्टरशायरमध्ये त्यांचा मृतदेह सापडला, आणि ११ फेब्रुवारीला भटला तिहारमध्ये फाशी देण्यात आली. “क्विनला वाटाघाटींसाठी निदान दिवस तरी मिळाले,” एवढेच मावशी म्हणाल्या.

गच्चीवर शांतता पसरली आणि तेवढ्यात दूध खाली लागले. करपट वासाचे ते दूध आम्ही सर्वांनी तक्रार न करता प्यायलो. नंतर आप्पांनीच, कोणी न विचारता, आपले मत थोडे बदलले: मुलाच्या मृत्यूनंतर कादंबरी संपत नाही, आपला त्यातला रस संपतो, आणि तो दोष लेखकाचा की वाचकाचा हे पुन्हा वाचून सांगेन, असे ते म्हणाले. परतताना आम्ही आठ-नऊ जण पुलावर थांबलो. रोजच्या रस्त्यावरची ती नावाची पाटी मी त्या रात्री प्रथमच वाचली.

नोव्हेंबरच्या मध्यावर, १०८ दिवसांनी राजकुमार सुखरूप परतले. सकाळी सातलाच नानांचा फोन आला. कर्नाटक आणि तमिळनाडू या दोन्ही राज्य सरकारांच्या वतीने जंगलात जाऊन वीरप्पनशी बोललेले तमिळ संपादक गोपाल यांना क्विनपेक्षा वरचे स्थान द्यावे, अशी त्यांची औपचारिक सूचना होती. मी ती माईंना कळवली. सूचना कोजागरीनंतर आल्यामुळे ती पुढच्या वर्षीच विचारात घेता येईल, असे त्यांनी घटनेचा कागद समोर धरून सांगितले.