पथ्याचा कागद

स्तनाच्या कॅन्सरची केमो सुरू झाली तेव्हा मी ६६ किलोची होते, सगळे उपचार संपले तेव्हा ७८. स्टेरॉइडच्या गोळ्या, दिवसदिवस पडून राहणं आणि भेटायला येणाऱ्यांनी मायेने आणलेले डिंकाचे लाडू. ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांतून मी निभावले, त्याबद्दल इथे लिहीत नाही. पण पुढे काय खायचं हे सांगणारा एक कागद मिळवताना जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाही.

तपासणीला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन उतरवायलाच हवं. माझी गाठ इस्ट्रोजेनवर पोसणारी. पाळी गेल्यावर हे हार्मोन मुख्यतः अंगातल्या चरबीत तयार होतं. मला चालू असलेली लेट्रोझोलची गोळी तेच अडवते. "आहारतज्ज्ञांना भेटा, भाज्या वाढवा," म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला.

सासवडहून पुण्याला बसने जायचं, हाताला सूज, पिशवीत फाईल. पहिल्या मंगळवारी खिडकीवर सांगितलं, केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलेलं नाही, लिहून आणा. डॉक्टर तोवर ऑपरेशनला गेलेले. दुसऱ्या मंगळवारी लिहून घेतलं, तर आहारतज्ज्ञ रजेवर. तिसऱ्या खेपेला नऊला नंबर लावला, पावणेदोनला आत बोलावलं. समोरच्या बाईंनी फाईल न उघडताच गठ्ठ्यातला एक छापील कागद पुढे केला. सकाळी केळ्याचं मिल्कशेक आणि दोन अंडी. भातावर दोन चमचे तूप. चार वाजता शिरा नाहीतर लाडू. झोपताना सायीसकट दूध. भाजीसमोर एकच शब्द: आवडीनुसार.

"मॅडम, हा वजन वाढवायचा कागद आहे. मला उतरवायचंय."

"कॅन्सर पेशंटना आम्ही हाच देतो."

मला रडूच आलं. कॅन्सर झाला म्हणजे माणूस खंगलेलाच असणार, हे इतकं गृहीत धरलेलं! मागे रांग होती, तरी मी उठले नाही. केसपेपरवरचे वजनाचे आकडे बोट ठेवून दाखवले: ६६, ६९, ७३, ७८. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात, माझा ३३ च्या घरात होता. शेजारच्या टेबलावर एक शिकाऊ मुलगी बसली होती. तिने तो कागद ओढून उलटा केला आणि विचारलं, "काकू, तुमच्या घरी कुठल्या भाज्या येतात?"

तीन खेपांत हे विचारणारी ती पहिली.

कोऱ्या बाजूवर तिने निळ्या पेनाने लिहून दिलं. अर्धं ताट भाज्यांचं. भाज्या आणि फळं मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम, बटाटा-रताळं त्यात धरायचं नाही. पालेभाजी रोज एकदा: मेथी, शेपू, लाल माठ, शेवग्याचा पाला. लेट्रोझोलने हाडं विरळ होतात आणि शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून त्याखाली दोन रेघा. कॅल्शियमची गोळी मात्र बंद करायची नाही. रात्री दुधी, दोडका, पडवळ. भाजीला चहाचा एकच चमचा तेल. दाण्याचा कूट मुठीने घालायची माझी सवय तिने बरोबर ओळखली.

घरी आल्यावर मेथीची जुडी निवडून काट्यावर ठेवली, पानं जेमतेम १०० ग्रॅम भरली. तेव्हा कळलं, मी भाजी म्हणून किती कमी खात होते! आता शेवग्याचा पाला भिजवलेली मूगडाळ आणि लसूण घालून झाकण ठेवून वाफवते. तेल कमी पडलं असं वाटत नाही.

एक राहिलंच. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी असतील तर कच्ची कोशिंबीर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका, मी उपचार संपल्यानंतरचं सांगतेय. रक्त पातळ करायला वॉरफरिन घेत असाल तर पालेभाज्या एकदम वाढवू नका, त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा असर कमी होतो. आणि जाण्याआधीच केसपेपरवर 'आहार सल्ला' लिहून घ्या, माझे दोन मंगळवार वाचले असते. भाजी खाल्ली म्हणून आजार परत येणार नाही, असं मला कोणी सांगितलेलं नाही, मीही सांगणार नाही. पण आठ महिन्यांत पाच किलो उतरले, जिना चढताना धाप लागत नाही.

मागच्या तपासणीला त्या मुलीला हे सांगायला मुद्दाम गेले. तिचं शिकणं संपून ती गेली होती. टेबलावर त्याच छापील कागदांचा नवा गठ्ठा होता.