शेवटचा डबा आला का?

गाड्या थांबवणारं-सोडणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड दोनदा बदललं, तरी एका शाळेच्या मॉडेल रेल्वेच्या बोगद्यात गाड्या एकमेकींवर आदळायच्या थांबेनात, म्हणून तिथून मला बोलावणं आलं. माझा धंदा परभणीत कंट्रोल पॅनेल वायरिंगचा. जिनिंग, ऑइल मिल, पाणीपुरवठ्याचे पंप अशी कामं. कापूस यायला लागला की मला दुसरीकडं बघायला सवड नसते. तरी हे घेतलं, कारण एरवी पॅनेलच्या पेटीत बंद राहणारं आमचं काम इथं टेबलावर उघडं दिसणार होतं.

रेल्वे १:८७ मापाची. दोन रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर आणि रुळांतूनच १२ व्होल्ट डीसी. एकच गोल मार्ग, त्याचे सहा ब्लॉक, म्हणजे विजेनं वेगळे केलेले भाग, त्यावर तीन गाड्या. बघणाऱ्याला वाटतं कोणीतरी रिमोटनं गाड्या सांभाळतंय. तसं काही नसतं. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी रुळाचा दीड वितीचा तुकडा वेगळा काढलेला असतो. पुढचा ब्लॉक भरलेला असला की रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, त्या तुकड्याची वीज तोडतो आणि इंजिन तिथं येऊन थांबतं. पुढचा मोकळा झाला की आपोआप निघतं. म्हणून गाड्या ब्लॉकपेक्षा निदान एकानं कमी लागतात. सहा ब्लॉकवर सहा गाड्या ठेवल्या तर एकही हलणार नाही.

आता ब्लॉक भरलाय हे कार्डाला कळतं कसं? ब्लॉकची वीज डायोडच्या साखळीतून जाते. इंजिननं करंट ओढला की त्या डायोडवर साधारण १.४ व्होल्टचा उतार पडतो, त्यावर ऑप्टोकप्लर, म्हणजे प्रकाशानं इशारा पुढं देणारा बारीक भाग, चालतो आणि कार्डाला खबर जाते. ज्यानं हे बसवलं होतं त्याचं काम वरवरचं नव्हतं. थांब्याच्या तुकड्याची वीज तोडली की तिथं उभं असलेलं इंजिनही कार्डाच्या नजरेतून गायब होतं, म्हणून त्यानं रिलेच्या संपर्काला समांतर एक रेझिस्टर दिला होता. त्यातून झिरपणाऱ्या करंटवर मोटर फिरत नाही, पण इंजिन आहे एवढं कळतं. हे ज्याला सुचतं तो कच्चा माणूस नाही. सोल्डरिंगही स्वच्छ. कार्डं फुकटच बदलली गेली होती.

मी काही न उघडता नुसतं बघत बसलो. बोगद्याच्या तोंडाशी रुळाचा सांधा जरा वर आला होता. मालगाडी त्यावरून गेली की कधीतरी मागच्या दोन वॅगनची कपलिंग सुटायची. इंजिन पुढं निघून जायचं, वॅगन अंधारात उभ्या. इंजिन बाहेर पडताच ब्लॉक हिरवा, आणि मागची गाडी पूर्ण वेगात आत.

सांधा घासून सरळ केला असता तर माझं बिल निघालं असतं. मुख्याध्यापक तेच म्हणत होते. पण खोट सांध्यात नव्हती. वॅगनला ना मोटर ना दिवा, ती करंट ओढतच नाही. त्या कार्डाच्या दृष्टीनं गाडी म्हणजे फक्त इंजिन.

खऱ्या रेल्वेत हे उलटं आहे. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली ज्या ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं, त्यात रुळांच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रिले असतो. सेक्शन रिकामा असतो तेव्हा रुळांतून करंट वाहतो आणि रिले उचललेला राहतो. कोणत्याही डब्याची लोखंडी चाकं आली की दोन्ही रूळ शॉर्ट होतात, रिले पडतो, सिग्नल लाल. शेवटचा एकच डबा राहिला तरी लाल. तार तुटली, बॅटरी संपली, रूळ तडकून वेगळा झाला, तरी लालच. आमच्या धंद्यात इमर्जन्सी स्टॉपचं बटण आम्ही एन.सी. (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी मिटलेलं) जोडतो ते याचसाठी. बटण दाबलेलं नसताना करंट वाहत राहतो, म्हणून जिनिंगमध्ये उंदरानं तार कुरतडली तर मशीन थांबतं, बेफाम चालू राहत नाही. मॉडेलमध्ये मात्र त्याच रुळांतून इंजिनची वीज जाते. चाकांनी रूळ शॉर्ट केले तर सगळंच बंद पडेल, म्हणून एका आसावरची दोन चाकं मुद्दाम एकमेकांपासून तोडलेली असतात. रॉबिन्सनची युक्ती इथं जशीच्या तशी चालत नाही.

हे मी मुलांना सांगत होतो तेव्हा एका मुलीचे आजोबा तिला न्यायला आले होते. निवृत्त गार्ड, बरीच नोकरी पूर्णेला. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. थोडा वेळ बघून ते म्हणाले, “मिस्त्री, ह्या गाडीला एल.व्ही. कुठंय? शेवटचा डबा आला का न्हाई, हे कोन बघायलंय इथं?”

शेवटच्या डब्यामागं एल.व्ही., म्हणजे लास्ट व्हेइकल, लिहिलेली पाटी असते. गाडी स्टेशनात आली की ती पाटी, रात्री मागचा दिवा, बघितल्याशिवाय गाडी पूर्ण आली असं धरत नाहीत आणि मागच्या स्टेशनला लाइन क्लिअर, म्हणजे पुढची गाडी सोडायची परवानगी, मिळत नाही. इंजिन आलं याला तिथं किंमत नाही. गार्डसाहेबांच्या त्या एका प्रश्नानं माझं काम सोपं केलं. दोन इंजिनिअरांनी कार्डं बदलली, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मग मी दोन गोष्टी केल्या. वॅगनची प्लास्टिकची चाकं काढून धातूची घातली आणि प्रत्येक आसावर दोन चाकांमध्ये १० किलोओहमचा बारीक रेझिस्टर चिकटवून चंदेरी वाहक रंगानं जोडला. १२ व्होल्टवर एक आस १.२ मिलिअँपियर ओढतो, इंजिनला त्याचा पत्ताही लागत नाही. एवढ्यावर जुने ऑप्टोकप्लर जागे होईनात म्हणून थोड्या करंटवरही चालणारे डार्लिंग्टन जातीचे बसवले. भिंगाखाली ते आस तयार करताना जो आनंद झाला तो मोठ्या पॅनेलवर होत नाही.

दुसरी गोष्ट एल.व्ही.ची. प्रत्येक गाडीच्या शेवटच्या वॅगनखाली चुंबक, आणि रुळांमध्ये चुंबक जवळ आला की मिटणारा रीड स्विच. ब्लॉक एकदा लाल झाला की करंट थांबला एवढ्यावर मोकळा होत नाही. गाडीची शेपूट पुढच्या रीडवरून गेलीच पाहिजे. रीड मी दोन ब्लॉकच्या सांध्यावर न ठेवता पुढच्या ब्लॉकमध्ये वीतभर आत ठेवला. स्वयंचलित सिग्नलच्या खऱ्या मार्गावर पुढच्या सिग्नलच्याही पलीकडं किमान १२० मीटर मोकळे असावे लागतात. १:८७ नं ते जवळजवळ १.३८ मीटर होतात. तेवढी जागा नव्हती, म्हणून वीतभरच. आता रीड मिटला नाही, चुंबक पडला, रीडची तार तुटली, तरी ब्लॉक लालच राहतो. मुलांनी वॅगनमागं नखाएवढ्या एल.व्ही.च्या पाट्या लावल्या.

टक्कर पुन्हा झाली नाही. तक्रार मात्र वाढली.

आपल्याकडं लाइट जाते हे सांगायला नको. लाइट परत आली की कार्डाला कुठं काय उभं आहे हे माहीत नसतं, म्हणून मी सगळे ब्लॉक लाल धरून सुरुवात करतो. मग कुणीतरी डोळ्यांनी बघून एकेक ब्लॉक मोकळा करायचा. मुख्याध्यापकांचा फोन आला, “गाड्या नुसत्या थांबायल्यात हो. पाहुण्यांसमोर काय दाखवावं आम्ही? आधीचंच बरं होतं.” आधी गाड्या आदळत होत्या, पण चालत होत्या. लोकांच्या लेखी थांबलेली गाडी म्हणजे बिघाड. झाकण उघडलं की मशीन थांबवणारा जिनिंगचा लिमिट स्विच तारेनं बांधून ठेवणारे मालक याच विचारानं बांधतात. तिथं मी भांडतो, कारण तिथं माणसाचा हात आत जातो. इथं दोन वॅगन घसरतात एवढंच. तरी मला ते सोडवत नाही, कारण ही मुलं पुढं कुठल्यातरी मशीनसमोर उभी राहणार आहेत.

म्हणून त्यांना एक रीसेट दिला, किल्लीचा. किल्ली फिरवली की सगळे ब्लॉक मोकळे. परवा गेलो तर किल्ली स्विचमध्येच, फिरवून ठेवलेली, आणि सगळे सिग्नल कायमचे हिरवे. शिपायाला विचारलं तर म्हणाला, सरांनीच सांगितलं, सारखं कोण उठणार.

किल्ली काढून आणली. तिच्या जागी आता दोन बटणं बसवायची आहेत, दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रीसेट होणार नाही. दाबून ठेवलेल्या बटणावरही होणार नाही. प्रत्येक वेळी सोडून पुन्हा दाबावं लागेल. एक पॅनेलवर. दुसरं टेबलाच्या पलीकडं, बोगद्याच्या तोंडाशी, जिथं वाकल्याशिवाय हात पोचत नाही आणि वाकलं की आत काय उभं आहे ते दिसतंच. त्याच्या वायरचे पैसे शाळेकडून घेणार नाही.